जामीन मंजूर, पण माणूस कधी सुटणार?

२८ ऑक्टोबर २०२१, गुरुवार. मुंबई उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या प्रकरणात अभिनेता शाहरुख खानचा मुलगा आर्यन खान याला जामीन मंजूर केला आणि वांद्र्यात त्यांच्या ‘मन्नत’ बंगल्याबाहेर जल्लोष झाला. प्रत्यक्षात तो आर्थर रोड तुरुंगाबाहेर आला शनिवारी, ३० तारखेला सकाळी. मधल्या दीड-दोन दिवसांत काय चालले होते? जामिनाच्या अटींचा लेखी आदेश शुक्रवारी हाती आला. एक लाख रुपयांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा जामीनदार आणि एकूण चौदा अटी. अभिनेत्री जुही चावला विशेष न्यायालयात आल्या आणि जामीन राहिल्या. कागदपत्रे तपासली गेली, सुटकेचा आदेश निघाला. पण आर्थर रोडच्या दारावरच्या जामीन पेटीत तो संध्याकाळी ठरलेल्या वेळेत, साडेपाचच्या सुमारास, पडू शकला नाही. तुरुंग प्रशासनाने कोणासाठीही नियम वाकवणार नाही असे सांगितले, आणि आणखी एक रात्र आत गेली. पुढे मे २०२२ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रात त्याचे नावही नव्हते.

मुकुल रोहतगींसारखा वकील आणि जुही चावलांसारखी जामीनदार असतानाही एवढा वेळ लागतो. मग अंधेरीच्या गुंदवलीतल्या वॉचमनच्या मुलाचे किंवा बोरिवलीत नाक्यावर काम शोधणाऱ्या मजुराचे काय होत असेल?

त्याचे उत्तर आकड्यांत आहे. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनाच्या कार्यक्रमात, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांचा विषय न्यायमूर्तींसमोरच काढला. त्यानंतर काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने देशभरातून माहिती मागवली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने गोळा केलेल्या माहितीनुसार जामीन मंजूर होऊनही आतच असलेले कच्चे कैदी ५,०२९ होते. त्यांतले ७०३ महाराष्ट्रातले. त्यांपैकी अहवाल येईपर्यंत सुटले २१५. न्यायाधीशांनी ‘सोडा’ म्हटले होते आणि तरीही ही माणसे गजाआड होती. कुणाकडे जामीनदार नव्हता, कुणाकडे पैसे नव्हते, कुणावर दुसरा गुन्हा होता, तर कुणाला आपल्याला जामीन मिळाला आहे हेच ठाऊक नव्हते.

उपनगरात माणूस पकडला गेला की घरच्यांची धावपळ पोलीस ठाण्यापासून सुरू होते. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा आरोपीचा हक्क असतो, मेहेरबानी नव्हे. तो पोलीस ठाण्यातच मिळू शकतो. बोलीभाषेत त्याला ‘टेबल जामीन’ म्हणतात. हलगर्जीपणे गाडी चालवणे, किरकोळ मारामारी अशा प्रकरणांत एखादा ओळखीचा माणूस कागद घेऊन आला की काम होते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत तर सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावले आहे. अटक झालीच तर त्याची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणातून निघालेल्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने यावर शिक्कामोर्तब केले. घरच्यांनी पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न विचारावा तो हाच: कलम कोणते लावले, ते जामीनपात्र आहे का? ‘साहेब, सोडा ना’ अशा विनवणीपेक्षा या प्रश्नाचे उत्तर जास्त उपयोगी पडते.

अजामीनपात्र कलम असेल तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे भाग असते. अंधेरी, बोरिवली, वांद्रे, कुर्ला, विक्रोळी, मुलुंड अशी उपनगरांतली कोर्टे विखुरलेली आहेत, आणि कोणते पोलीस ठाणे कोणत्या कोर्टाला जोडलेले आहे हे ठाऊक नसले तर पहिली सकाळ चुकीच्या इमारतीत जाते. तिथे अर्ज फेटाळला गेला तर सत्र न्यायालय, म्हणजे पश्चिम उपनगरातल्या अनेक प्रकरणांत दिंडोशी. त्यावर उच्च न्यायालय. आरोपी तोवर आर्थर रोडला असेल, नाहीतर ठाणे, कल्याण किंवा तळोज्याला. बाई असेल तर भायखळ्याला. कोर्ट बोरिवलीचे आणि तुरुंग तळोज्याचा असला की सुटकेचा कागदही तेवढाच प्रवास करतो.

अर्ज मंजूर झाला की न्यायाधीश आदेशात सुटकेची तऱ्हा ठरवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने जामीन, बंदपत्र आणि जामीनदारासह बंदपत्र यांच्या व्याख्या प्रथमच कायद्यात लिहिल्या. व्यवहारात मार्ग तीनच. पहिला जातमुचलक्याचा, कोर्टाच्या आवारात ज्याला ‘पीआर बॉण्ड’ म्हणतात. ‘तारखेला येईन, न आल्यास अमुक रक्कम भरीन’ असे आरोपी स्वतःच लिहून देतो, जामीनदार लागत नाही. दुसरा जामीनदाराचा. आरोपी कोर्टात हजर राहील याची हमी दुसरा कोणी घेतो आणि तो न आल्यास रक्कम भरण्याची जबाबदारीही. तिसरा रोख जामिनाचा, म्हणजे ‘कॅश बेल’. ठरलेली रक्कम कोर्टात जमा करायची. मुंबईत अनेकदा तिसरा मार्ग दुसऱ्याची उसनवारी म्हणून येतो: आत्ता रोख भरून सुटा आणि चार-सहा आठवड्यांत जामीनदार आणा.

आरोपीच्या घरी गोंधळ होतो तो इथेच. पंचवीस हजारांचा जामीन म्हणजे पंचवीस हजार कोर्टात भरायचे, असा समज फार पसरलेला आहे. जामीनदाराच्या मार्गात एक पैसाही भरावा लागत नाही. जामीनदाराची तेवढी ऐपत आहे हे दाखवावे लागते. पैसे भरतात ते रोख जामिनात. हा फरक न कळल्यामुळे कुणी मंगळसूत्र गहाण टाकते, तर कुणी खासगी सावकाराचे दार गाठते. कोर्टाबाहेरच्या मध्यस्थांनाही हा गैरसमज सोयीचाच असतो.

जामीनदाराला मात्र कागदांची पिशवीच लागते. आधार, पॅन, रेशनकार्ड, फोटो. नोकरदार असेल तर पगाराच्या पावत्या आणि मालकाचे पत्र. घर असेल तर सोसायटीचा भागदाखला, मालमत्ता कराची पावती. काही न्यायाधीश याउपर ऐपतीचा दाखला मागतात, कोर्टात ज्याला ‘सॉल्व्हन्सी’ म्हणतात. तो तहसीलदाराकडून आणायचा. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके. मुलुंडचा माणूस कुर्ला तालुक्यात मोडतो, घाटकोपरचाही. शिवाय पोलीस जामीनदाराच्या पत्त्याची पडताळणी करतात, आणि हवालदार पत्त्यावर पोचेपर्यंत आरोपी आत. म्हणून बेस्टमधला, महापालिकेतला किंवा रेल्वेतला कायम नोकरीचा नातेवाईक अशा वेळी सगळ्यांना आठवतो. पगारपत्रक, सरकारी ओळखपत्र आणि पत्ता हे सगळे त्याच्याकडे तयार असते.

पण या शहरात असे नातेवाईक किती जणांना असतात? घाटकोपरच्या डोंगराळ वस्तीत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा, रोजंदारीवर रंगकाम करणारा माणूस स्वतः जामीनदार होऊ शकत नाही, आणि त्याच्या ओळखीचे लोकही त्याच्यासारखेच असतात. गाव जौनपूरला किंवा परभणीला. तिथे शेत आहे, भाऊ आहे, सातबारा आहे. पण कोर्ट म्हणते, स्थानिक जामीनदार आणा.

हा प्रश्न ताजा नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. खालच्या कोर्टाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी या हट्टाचा खरपूस समाचार घेतला आणि मोतीरामला एक हजाराच्या स्वतःच्या बंदपत्रावर सोडायला सांगितले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले असे कैदी उजेडात आले, जे दोषी ठरले असते तरी झाली नसती एवढी शिक्षा नुसते वाट पाहत भोगून बसले होते. समाजात मुळे असलेल्या माणसाला जातमुचलक्यावर सोडता येते, हे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्यात स्पष्ट केले. या निकालांना जवळपास पन्नास वर्षे होत आली. स्थानिक जामीनदाराची मागणी तरीही थांबलेली नाही.

गाजलेल्या खटल्यांतही हे अडथळे चुकले नाहीत. एल्गार परिषद प्रकरणातले तेलुगू कवी वरवरा राव यांना उच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रकृतीच्या कारणावरून जामीन दिला. अट होती पन्नास हजारांचा जातमुचलका आणि दोन जामीनदार. ते जमेना म्हणून १ मार्चला तात्पुरत्या रोख जामिनाची परवानगी घ्यावी लागली, आणि ६ मार्चच्या रात्री ते विलेपार्ल्याच्या नानावटी रुग्णालयातून बाहेर पडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये याच प्रकरणातल्या वकील सुधा भारद्वाज भायखळा तुरुंगातून सुटल्या त्याही तात्पुरता रोख जामीन भरून. याच प्रकरणातले पत्रकार गौतम नवलखांना सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२२ रोजी नजरकैदेत हलवायला परवानगी दिली. ऐपतीचा दाखला मिळायला किमान सहा आठवडे लागतील असे समोर आल्यावर त्याच न्यायालयाला पाच दिवसांनी ती अट काढून टाकावी लागली. देशातले सर्वोच्च न्यायालय एखाद्याला तुरुंगातून हलवण्याचा आदेश देते आणि तहसील कचेरीतला एक दाखला तो अडवून धरतो, एवढे सांगितले तरी या अटीबद्दल पुरेसे आहे.

जिथे वैध मार्ग इतका अरुंद, तिथे आडवाट निघणारच. उपनगरांतल्या कोर्टांच्या आवारात भाडोत्री जामीनदार ही जुनी गोष्ट आहे. कुणाच्या तरी नावाचे रेशनकार्ड, बनावट पगारपत्रक, खोटा शिक्का. आणि एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या कोर्टांत उभा. पोलीस अधूनमधून अशा टोळ्या पकडतात. याला आळा घालण्यासाठीच जामीनदाराने आपण आणखी किती जणांना जामीन राहिलो आहोत हे प्रतिज्ञेवर सांगायचे, असे कायदा म्हणतो (संहितेचे कलम ४८६). घरच्यांच्या दृष्टीने धोका सरळ आहे. जामीनदार बोगस निघाला तर जामीन धोक्यात येतो, आणि फसवणुकीचा नवा गुन्हा आणखी एकाला आत ओढू शकतो. पैसे घेणारा मध्यस्थ त्या वेळी कुठेच सापडत नाही.

परदेशी मालिकांमुळे आपल्याकडेही ‘बेल एजंट’ असतो असे काहींना वाटते. अमेरिकेत तो उघड धंदा आहे: रकमेच्या साधारण दहा टक्के फी द्यायची, ती परत मिळत नाही, आणि एजंट कोर्टाला हमी देतो. असा व्यापार कायद्याने चालतो ते देश अमेरिका आणि फिलिपीन्स. इतरत्र जवळपास कुठेच नाही. अमेरिकेतही त्याला विरोध वाढतो आहे. इलिनॉय राज्याने १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन पूर्ण बंद केला. आपल्याकडे जामीनदाराला ‘तुझे पैसे बुडाले तर मी भरून देईन’ असा करार करून देणेही सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणून रद्दबातल मानतात. जामीनदाराने आरोपीवर लक्ष ठेवावे, तो पळू नये यात त्याचा स्वतःचा जीव अडकलेला असावा, हीच तर या व्यवस्थेमागची कल्पना. पैसे घेऊन उभा राहणारा अनोळखी माणूस कुणावर लक्ष ठेवणार?

खऱ्या जामीनदारावरचे ओझेही हलके नाही, आणि ते त्याला आधीच समजावून सांगितले पाहिजे. आरोपी तारखेला आला नाही तर बंदपत्र जप्त होते, जामीनदाराला नोटीस येते आणि रक्कम त्याच्याकडून वसूल होते. ती वसूल झालीच नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेचीही तरतूद आहे. कोर्टाला वाटल्यास रक्कम अंशतः माफ करता येते. आरोपीची लक्षणे ठीक दिसेनात तर जामीनदार स्वतःच अर्ज करून जबाबदारीतून मोकळा होऊ शकतो. मग आरोपीला नवा जामीनदार शोधावा लागतो, नाहीतर परत आत जावे लागते. मेहुण्याने किंवा मावसभावाने जामीन राहायला नकार दिला की घरात वर्षानुवर्षे बोलणे बंद होते. त्या नकारामागे हे सगळे असते, प्रत्येक वेळी कोतेपणाच असतो असे नाही.

मग ज्याच्यासाठी उभे राहणारे कुणीच नाही, त्याचे काय? कागदावर उपाय बरेच आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी निर्धन आहे असे धरून त्याला जातमुचलक्यावर सोडावे (कलम ४७८). रक्कम परिस्थितीला धरून असावी, अवाजवी नको, आणि ती कमी करण्यासाठी सत्र किंवा उच्च न्यायालयात जाता येते (कलम ४८४). जामीनदाराऐवजी रोख रक्कम घ्यायला कोर्ट परवानगी देऊ शकते (कलम ४९०). पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंदपत्रावर सोडायचे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही. त्यासाठी अर्ज करण्याचे कर्तव्य थेट तुरुंग अधीक्षकावर टाकले आहे (कलम ४७९). जुन्या प्रकरणांनाही हे कलम लागू असल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

त्याच महिन्यात गिरीश गांधी प्रकरणाचाही निकाल लागला. तेरा गुन्ह्यांत जामीन मिळालेल्या माणसाला प्रत्येक गुन्ह्यासाठी वेगळे जामीनदार आणता येईनात. न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी तेच जामीनदार अनेक प्रकरणांत चालतील अशी सवलत दिली. जामीन राहायला जवळचा नातेवाईक किंवा जुना मित्रच तयार होतो आणि अशी माणसे माणसाच्या आयुष्यात मोजकीच असतात, हे व्यवहारज्ञान त्या निकालात आहे. फसवणुकीच्या एकाच धंद्यापायी चार-पाच पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल होतात, अशा मुंबईतल्या आरोपींना तो थेट उपयोगी आहे.

सगळ्यांत नेमके आदेश आहेत सर्वोच्च न्यायालयाचे, ३१ जानेवारी २०२३ चे. जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टाने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगाकडे पाठवावी. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात बंदपत्र दिले गेले नाही, तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. आणि स्थानिक जामीनदाराची अट उशिराचे एक कारण आहे, म्हणून ती घालू नये असेही सुचवले. त्या पाठोपाठ केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली: कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी सुरुवातीला ४० हजार रुपयांपर्यंत मदत, जिल्हा समितीच्या मंजुरीने. दहशतवाद, अमली पदार्थ, मनी लाँडरिंग अशा कायद्यांखालचे आरोपी तिच्याबाहेर ठेवले आहेत.

इतके सगळे असूनही घोडे अडते ते माहितीवर. आतल्या माणसाला आदेश कळत नाही, बाहेरच्यांना अटी कळत नाहीत, आणि वकिलाची फी संपली की फोन उचलला जात नाही. ही दरी भरून काढण्याचे काम काही ठिकाणी चिकाटीने होते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगात आणि कोर्टांत सामाजिक कार्यकर्ते पाठवतो. ते कैद्याकडून पत्ता घेतात, त्याच्या घरी निरोप पोचवतात, कागद जमवतात. कायद्याच्या पदवीपेक्षा वस्तीत जाऊन दार ठोठावण्याची तयारी इथे जास्त उपयोगी पडते. पण शहराच्या आकारापुढे असे हात थोडे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. दर चारांतल्या तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

उपनगरांतल्या दंडाधिकारी न्यायालयांनी जातमुचलका किंवा तात्पुरता रोख जामीन हा नियम आणि ऐपतीचा दाखला हा अपवाद मानला, तर जामीन मिळूनही आत अडकलेले बरेच लोक उद्याच घरी जातील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तोवर घरच्यांनी काही गोष्टी स्वतःच सांभाळाव्यात. जामीन मंजूर होत असतानाच वकिलाला तात्पुरत्या रोख जामिनाची विनंती करायला सांगावे. नंतर वेगळा अर्ज करण्यात दिवस जातात. वकील परवडत नसेल तर प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करून सुरुवात करता येते. कोर्टात रोख भरली असेल तर तिची पावती जपून ठेवावी. खटला संपल्यावर ती रक्कम परत मिळते, पण आपोआप येत नाही, त्यासाठी पावती जोडून कोर्टात अर्ज करावा लागतो.